शॉकअप गेला, म्हणजे नेमके काय गेले?

तीन वर्षांपूर्वी जुनी गाडी पाहायला गेलो तेव्हा इंजिनचा आवाज ऐकला, दारांच्या कडा चाचपल्या, टायरवरचा उत्पादनाचा आठवडा वाचला, सर्व्हिसची पावती-पुस्तिका चाळली आणि आपण गिऱ्हाईक म्हणून फार चौकस आहोत असे स्वतःलाच वाटून घेतले. चाकाच्या कमानीत मात्र वाकून पाहिले ते अगदी शेवटी, निघता निघता. २०१३ ची ती डिझेल हॅचबॅक ७२,००० किलोमीटर चाललेली होती. पुढच्या दोन्ही चाकांमागचा सगळा भाग, म्हणजे मडगार्डचे प्लास्टिक, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), ब्रेकची नळी, वाळलेल्या चिखलाने माखलेला होता आणि डावा शॉकअपही त्याच रंगाचा होता. उजवा तेवढा काळाभोर, स्वच्छ. नवीन टाकलाय का, असे विचारल्यावर विक्रेता म्हणाला, "धुतलीय ना साहेब गाडी." धुतलेली गाडी एका शॉकअपपुरतीच कशी धुतली जाते, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडायला हवा होता. तो पडला महिनाभराने, साताऱ्याहून पुण्याकडे येताना, खंबाटकीच्या बोगद्यानंतर उतारावर जे इंग्रजी एस आकाराचे वळण लागते तिथे. ब्रेक दाबताच गाडी पुढून झुकली, सावरली, पुन्हा झुकली, आणि शेजारी बसलेल्या पत्नीने काही न बोलता डॅशबोर्डवर हात टेकवला.

त्यानंतरच्या सात-आठ महिन्यांत या एका भागावर मी गरजेपेक्षा बराच जास्त पैसा खर्च केला. त्यातला जवळजवळ निम्मा खर्च शॉकअप खराब असल्यामुळे झाला नाही; नेमके काय खराब आहे हे न पाहता पाना उचलल्यामुळे झाला. त्या खर्चातून जे समजले ते इथे लिहून ठेवत आहे.

शॉक अब्सॉर्बर हे पूर्ण नाव गॅरेजमध्ये कोणी घेत नाही, आणि तसेही ते नाव जरा फसवेच आहे. खड्ड्याचा धक्का पहिल्यांदा सोसतो टायर, मग स्प्रिंग. गाडीचे वजनही स्प्रिंगच पेलते. म्हणून "शॉकअप गेले, गाडी खाली बसली" हे वाक्य कितीही वेळा ऐकू आले तरी बहुतेक वेळा चुकीचे असते. गाडीची एखादी बाजू खरोखर खाली आली असेल, तर आधी स्प्रिंग दबली आहे का किंवा तिचा शेवटचा वेढा तुटला आहे का, ते पाहावे. शॉकअपचे काम वेगळे आहे. दाबलेली स्प्रिंग सोडली की ती पाळण्यासारखी हेलकावत राहते, आणि हे हेलकावे लवकरात लवकर थांबवणे, एवढेच त्याने करायचे असते. आतल्या नळीत तेल असते, त्या तेलात पिस्टन वर-खाली होतो, आणि पिस्टनमधल्या बारीक छिद्रांतून व पातळ चकत्यांच्या व्हॉल्व्हमधून तेलाला जबरदस्तीने वाट काढावी लागते. हालचालीतली शक्ती त्या घर्षणात खर्ची पडून तिची उष्णता होते, आणि ती उष्णता नळीच्या बाहेरच्या पत्र्यावाटे हवेत जाते. दाबताना विरोध कमी आणि उलगडताना जास्त, अशी त्याची रचना साधारणपणे असते, कारण दाबली गेलेली स्प्रिंग उसळी मारते तेव्हाच तिला आवरण्याची खरी गरज असते. छोट्या गाड्यांत बहुतेक दुहेरी नळीचे शॉकअप असतात. बाहेरच्या नळीत जास्तीचे तेल आणि त्यावर कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला असतो. हा वायू गाडी उचलून धरण्यासाठी नसतो. खराब रस्त्यावर पिस्टन भराभर हलू लागला की तेलाला फेस येतो, आणि फेसाळलेले तेल छिद्रातून विनासायास निसटते. तो फेस धरू नये म्हणून वायूचा दाब ठेवलेला असतो. पुढे मी जी चूक केली ती समजायला हा नायट्रोजन लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पुढच्या चाकांची गोष्ट आणखी थोडी गुंतागुंतीची आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी स्ट्रटची रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांत आली आणि आज आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक छोट्या गाडीच्या पुढच्या बाजूस तीच आहे. या रचनेत शॉकअप हा नुसता शॉकअप राहत नाही. स्प्रिंग त्याच्यावरच बसवलेली असते, चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, त्याला खालून दोन बोल्टांनी जखडलेला असतो, आणि स्टिअरिंग फिरवले की हे सगळे खांबासारखे स्वतःभोवती फिरते. त्यासाठी वर, बोनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना जे गोल उंचवटे दिसतात त्यांच्याखाली, रबराचे माउंटिंग आणि त्यात बेअरिंग असते. शिवाय पिस्टनच्या दांड्यावर बंप स्टॉपर (शॉकअप पूर्ण दाबला गेला तर आदळ सोसणारा ठोकळा), त्यावर धूळ अडवणारा रबरी बूट, आणि बाजूला अँटिरोल बारला, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला, जोडणारा लिंक रॉड. यांतली कोणतीही वस्तू सैल झाली की खडखडाट एकाच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो आणि नाव शॉकअपचे होते.

तपासणीची सगळ्यांना माहीत असलेली रीत म्हणजे बोनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दोन-तीनदा दाबायची आणि सोडून द्यायची. एकदा वर येऊन फार तर थोडीशी खाली जाऊन ती थांबली तर ठीक, डुलतच राहिली तर शॉकअप गेला. ही रीत खोटी नाही, पण तिची झेप फार लहान आहे. तळहातांनी आपण गाडी ज्या संथ गतीने हलवतो, त्या गतीने शॉकअप रस्त्यावर क्वचितच हलतो. तेलाच्या विरोधाखेरीज बुशांचे (सांध्यांत बसवलेल्या रबरी नळ्यांचे) आणि गंजलेल्या सांध्यांचे घर्षणही गाडीला थांबवते, त्यामुळे अर्धमेला शॉकअप या परीक्षेत सहज पास होतो. माझा डावा झाला होता. म्हणजे नापास झालेला शॉकअप नक्की खराब समजावा, पास झालेल्याबद्दल मात्र काहीच समजू नये. युरोपात तपासणी केंद्रांवर चाक एका थरथरत्या पाटावर उभे करतात, सेकंदाला २५ वेळा तो पाट हलवतात, आणि थरथर कमी होत असताना चाकाचा पाटावरचा भार कमीत कमी किती उरतो ते मोजतात. त्या परीक्षेमागचा विचार मला आवडतो, कारण ती चाक रस्त्याला किती चिकटून राहते हे विचारते. ब्रेक, वळण आणि पावसातली पकड या तिन्ही गोष्टी त्याच एका उत्तरावर अवलंबून आहेत. पाठीला बसणारे धक्के हा तुलनेने किरकोळ भाग आहे.

आपल्याकडे असा पाट सहसा भेटत नाही, तेव्हा डोळे आणि बोटे यांवरच भिस्त ठेवावी लागते. आमच्या गल्लीत एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले एक फिटर राहतात, त्यांना सगळेच मामा म्हणतात. गाडी पाहायला ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बोनेटला हातही लावला नाही. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवायला सांगितले, कमानीत हात घातला, रबरी बूट दोन बोटांनी वर सरकवला आणि तर्जनी आत फिरवून माझ्यासमोर धरली. बोटावर काळे, वाळूने भरलेले तेल होते. "बाहेरून पुसता येतं, इथं आत कोण पुसणार?" ते म्हणाले. आता इथे एक भेद सांगायला हवा, कारण त्याचा फायदा घेऊन चांगले शॉकअपही बदलायला लावले जातात. शॉकअपचा दांडा दर वेळी बाहेर येताना तेलाचा अतिशय पातळ थर सोबत आणतोच, तसा तो आणला नाही तर दांड्याभोवतीचे, तेल आत अडवून धरणारे सील कोरडे पडून लवकर झिजेल. म्हणून वरच्या एक-दोन इंचांत ओलसर, धूळ धरलेला, धुक्यासारखा डाग असणे हे बिघाडाचे लक्षण नव्हे. तेल नळीवरून ओघळत खाली आले असेल, खाली स्प्रिंग जिच्यावर बसते त्या वाटीशी थेंब लोंबत असेल, किंवा पुसून आठवडाभर गाडी चालवल्यावर डाग पुन्हा तेवढाच पसरला असेल, तर मात्र सील गेले आहे. बूट फाटलेला असेल तर दांडाही पाहावा. त्यावरच्या चकाकत्या मुलाम्यावर गंजाचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसले, तर ते ठिपके प्रत्येक खड्ड्यागणिक सीलवर कानशीसारखे फिरणार आहेत, हे नक्की समजावे. पावसाळ्यात कोकणातून वर्षाला दोन-तीन फेऱ्या करणाऱ्या गाड्यांचे फाटलेले बूट म्हणूनच वेळीच बदलावेत. बूट काही शे रुपयांना येतो, शॉकअप हजारांत.

टायर हा दुसरा साक्षीदार, आणि तो पुसून साफ करता येत नाही. टायरच्या नक्षीवरून तळहात आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवावा. कडेकडेने सलग झीज असेल तर ती अलाइनमेंटची, म्हणजे चाकांची दिशा आणि कल चुकल्याची, किंवा हवेची. पण दर चार-सहा इंचांवर उंचवटा आणि खळगा, पुन्हा उंचवटा आणि खळगा, असे हाताला लागले तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उडत उडत गेले आहे, हे त्यातून कळते. असा टायर डांबरी रस्त्यावर एकसारखा घुमतो आणि अनेकदा त्या आवाजासाठी चाकाचे बेअरिंग बदलले जाते. तिसरी खूण उष्णतेची. मी वर सांगितले की शॉकअपचे काम म्हणजे हालचालीची उष्णता करणे; मग जो काम करत नाही तो गार राहणार. दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून गाडी थांबवावी आणि लगेच चारही शॉकअपना हाताची पाठ लावून पाहावी. ब्रेकची चकती आणि सायलेन्सर यांना चुकून हात लागू देऊ नये, ते भलतेच तापलेले असतात. पुढच्या जोडीतला एक कोमट आणि दुसरा आजूबाजूच्या पत्र्याइतकाच गार लागला, तर गार असलेल्याने काम सोडले आहे. माझा उजवा त्या दिवशी अक्षरशः गार होता.

मामांनी दोन्ही पुढचे बदला असे सांगितले. मी मात्र शहाणपणा केला. एका ओळखीच्याने सांगितलेल्या गॅरेजात गेलो. तिथल्या मिस्त्रींनी नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात दोन्ही शॉकअप "रिपेअर" करून देतो असे सांगितले, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कचे काम मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्या फोर्कला तेल काढायची आणि भरायची सोय कंपनीनेच दिलेली असते. सील सुटे मिळते, तेल किती मिलिलिटर भरायचे ते पुस्तकात छापलेले असते, आणि नीट केले तर ते काम वर्षानुवर्षे टिकते. गाडीचा शॉकअप मात्र वरच्या कडेने मुडपून कायमचा बंद केलेला असतो. तो उघडण्यासाठी बनवलेलाच नसतो. त्या गॅरेजात नळीला खालच्या बाजूस भोक पाडले गेले, उरलेले तेल गळू दिले, डब्यातले कोणते तरी नवे तेल पिचकारीने भरले आणि भोकावर वेल्डिंगचा ठिपका दिला. नायट्रोजन भोक पडताक्षणीच गेला होता. तेल कोणत्या दर्जाचे, किती पातळ आणि किती मापाचे, याचा विचार झालेला नव्हता. मुख्य म्हणजे ज्या सीलमधून तेल गळत होते ते सील होते तसेच जागेवर राहिले होते. पहिले चार दिवस गाडी ताठ चालली, इतकी की मी दोघा-तिघांना त्या गॅरेजाचा पत्ताही दिला. पाच आठवड्यांनी नळी पुन्हा ओली झाली. पैसे तर गेलेच. पत्ता घेतलेल्यांपैकी एकाशी बोलताना अजून मला जरा अवघडल्यासारखे होते.

त्या उजव्या शॉकअपला पुढे मी मामांच्या अंगणात आडवा कापून पाहिले. वायू भरलेला, न उघडलेला शॉकअप असा कोणी कापू नये, दाबाखालचे तेल डोळ्यांत उडते. याच्यातला वायू कधीच गेलेला होता म्हणून धाडस केले. करवतीने बाहेरची नळी अर्धी चिरल्यावर जे तेल ओघळले ते जेमतेम चहाच्या कपभर होते, काकवीसारख्या रंगाचे, आणि त्याला जळकट वास होता. तळाशी बोटाने खरवडल्यावर राखाडी चिखल लागला, त्यात उन्हात चमकणारी धातूची बारीक कणी होती; वेल्डिंगच्या वेळी आत पडलेला एक मोहरीएवढा लोखंडी मणीही त्यातच सापडला. पिस्टनभोवतीची पट्टी एका बाजूने अधिक झिजलेली होती. दांड्यावरचे सील काढून पाहिले तर त्याची आतली धार, जी वस्तऱ्यासारखी दांड्याला चिकटून बसायला हवी, ती एका ठिकाणी तुटून गेली होती आणि बरोबर त्याच रेषेत दांड्यावर गंजाचे तीन ठिपके होते. तेल भरून या तिन्हींपैकी एकही गोष्ट दुरुस्त होणार नव्हती. अर्धा तास पाहत बसल्यावर मला माझा हिशेब जेवढा स्वच्छ कळला तेवढा कोणत्याही मिस्त्रीच्या बोलण्याने कळला नसता.

अखेर पुण्यातल्या नाना पेठेतून नवी जोडी आणली. जोडी यासाठी की एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला शॉकअप असला, तर वळणावर आणि ब्रेक लावताना दोन चाके दोन निरनिराळ्या गाड्यांची असल्यासारखी वागतात. चारही एकदम बदलण्याची गरज मात्र नसते, एका आसावरचे दोन पुरतात. (भारतात शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल कंपनीची सुरुवात १९६१ मध्ये मुंबईत झाली आणि आज तिचे कारखाने चाकणला आणि नाशिकला आहेत. चाकणच्या रस्त्यांवरून गेलेल्या कोणालाही तिथे शॉकअपचा कारखाना असणे योग्यच वाटेल.) नवी जोडी बसली, गाडी उतारावर झुकायची थांबली, वळणावर ताठ राहू लागली, आणि तरीही सोसायटीच्या फाटकातल्या उखडलेल्या फरश्यांवरून जाताना उजवीकडून "टक-टक-टक" असा जो आवाज आधीपासून येत होता, तो तसाच्या तसा कायम राहिला. मी चिडून मामांकडे गेलो. त्यांचे म्हणणे असे होते की शॉकअप गेल्यावर गाडी हलते, तो सहसा बोलत नाही. बोलणारे दुसरे असतात. वेगाने मोठ्या गतिरोधकावरून गेल्यावर एकदाच "धप्प" झाले तर बंप स्टॉपर फुटलेला किंवा शॉकअप पूर्ण बसलेला. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर "टण्ण" असे वाजून स्प्रिंग उडी मारल्यासारखी हलली तर वरच्या माउंटिंगचे बेअरिंग अडकलेले. हे पाहायला एकाने स्टिअरिंग फिरवायचे आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर हळूच हात ठेवायचा. बारीक, भराभर, संथ चालीत टकटकणारा आवाज बहुतेक लिंक रॉडचा. त्यांनी चारही चाके जमिनीवर असतानाच खाली हात घालून लिंक रॉड हलवला, तो गोट्यासारखा खुळखुळला. साडेसहाशे रुपयांची ती वस्तू आणि वीस मिनिटांचे काम. हा आवाज बंद करण्यासाठी म्हणूनच मी पहिल्यांदा गॅरेजात गेलो होतो, हे मी त्यांना सांगितले नाही.

बसवण्याच्या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चांगला नवा शॉकअप चुकीच्या हातांनी पहिल्याच दिवशी खराब होऊ शकतो. पहिली गोष्ट जिवाशी संबंधित आहे: स्ट्रट बाहेर काढल्यावर त्याच्या डोक्यावरचा नट स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय कोणी, कधीही सोडू नये. ती स्प्रिंग काही क्विंटल भार पेलणारी असते, नट सुटताच माउंटिंगसकट उडते. स्प्रिंग दाबून धरणारे दोन हुकवाले कंप्रेसर समोरासमोर लावून, आलटून पालटून थोडे थोडे आवळत स्प्रिंग सैल झाल्याची खात्री करावी आणि त्या वेळी तोंड वर धरू नये. ज्यांच्याकडे हे साधन नाही त्यांनी हे काम घरी करू नये, असे मला स्पष्टच म्हणायचे आहे. दुसरी गोष्ट बारीक आहे, पण तिच्यामुळे मी पाहिलेले निम्मे तरी "नवे शॉकअप लगेच गळाले" या तक्रारीचे प्रकार घडले असावेत. वरचा नट आवळताना दांडा सोबत फिरतो, म्हणून तो धरावा लागतो. त्यासाठी दांड्याच्या टोकाला षटकोनी खाच किंवा चपटा भाग दिलेला असतो. घाईतला मिस्त्री तो न वापरता खाली चकाकत्या दांड्यालाच पकड लावतो. पकडीच्या दातांचा ओरखडा नखाला जाणवेल न जाणवेल एवढा असतो, आणि सील कापायला तेवढा पुरतो. तिसरी गोष्ट, जिथे रबरी बुशातून बोल्ट जातो तिथला शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असताना द्यावा. चाक हवेत लोंबत असताना आवळला तर रबर पिळलेल्या अवस्थेतच जखडले जाते आणि काही महिन्यांत फाटते. आणि स्ट्रट काढला की चाकाचा कल बदलतोच, म्हणून अलाइनमेंट करून घ्यावी. "आम्ही खूण करून बसवलंय" हे उत्तर पुरेसे नाही.

माउंटिंग, बंप स्टॉपर आणि बूट त्याच वेळी नवे टाकावेत, कारण मजुरी एकदाच पडते. मी आधी माउंटिंग जुनेच ठेवणार होतो. काढल्यावर त्याचे बेअरिंग बोटांनी फिरवून पाहिले, तर ते वाळू भरलेल्या जात्यासारखे करकरत होते.

मागचे शॉकअप मात्र वाचले. माझ्या गाडीत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा आहे, त्यामुळे तो काढणे सोपे असते. आसाखाली जॅकचा आधार देऊन वरचा आणि खालचा बोल्ट सोडला की शॉकअप हातात येतो. हाताने पाहण्याची पद्धत अशी: तो ज्या स्थितीत गाडीत असतो तसाच उभा धरावा, आधी चार-पाच वेळा पूर्ण दाबून पूर्ण उलगडावा, कारण आडवा पडून राहिलेल्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये हवा आतल्या नळीत शिरलेली असते आणि नवा कोरा शॉकअपही पहिल्या दोन खेपांना पोकळ लागतो. मग सावकाश दाबत जावे. विरोध पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा लागला पाहिजे. दिशा बदलताना मध्येच एखादा बोटभर भाग मोकळा, पोकळ गेला, किंवा पूर्ण खेपेत कुठे खरखर, अडखळ अथवा "चुळुक" असा आवाज आला, तर तो बाद. वायूचा शॉकअप दाबून सोडला की दांडा आपोआप, संथपणे बाहेर येतो. न आला तर वायू गेला आहे. नुसत्या तेलाच्या जुन्या पद्धतीच्या शॉकअपमध्ये दांडा जिथे सोडाल तिथेच राहतो, तो दोष समजू नये. माझे दोन्ही मागचे या परीक्षेत उतरले, फक्त खालचा बोल्ट ज्यातून जातो त्या कडीतले रबरी बुश सैल होते. ते दाबयंत्रावर काढून नवे बसवून घेतले. शॉकअपची दुरुस्ती म्हणायचीच असेल तर माझ्या मते ती एवढीच: बुश, माउंटिंग, बूट, स्टॉपर. मुडपलेल्या नळीच्या आत जे आहे ते चांगले असते किंवा बदलायचे असते.

भंगार बाजारातून जुना शॉकअप घेणाऱ्यांनाही हीच परीक्षा उपयोगी पडेल, विशेषतः ज्यांच्या गाडीचे उत्पादन थांबले आहे आणि नवा भाग मिळतच नाही त्यांना. दांडा काचेच्या तुकड्याच्या सरळ कडेला टेकवून वाकडा आहे का ते पाहावे, नळीवर पोचा किंवा वेल्डिंगचा ताजा रंगवलेला ठिपका आहे का ते नखाने खरवडून पाहावे, आणि अपघातातल्या गाडीच्या ज्या बाजूला मार लागला त्या बाजूचा स्ट्रट फुकट दिला तरी घेऊ नये. आणि दुकानदाराने तो फार चकचकीत पुसून ठेवला असेल, तर मला तरी आता पुसलेल्याचीच जास्त भीती वाटते.

किती किलोमीटरला बदलावा, हे मला अनेक जण विचारतात. साधारण ८०,००० किलोमीटर हा आकडा बनवणारेच सांगतात, पण तो रस्त्यावर ठरतो. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा असावा. आमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत सात गतिरोधक आहेत. टेप घेऊन एक मोजला, तो जेमतेम दीड फूट रुंद निघाला, आणि उंचीने वीतभर. दिवसाला चौदा वेळा.

नव्या जोडीवर आता २१,००० किलोमीटर झाले आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्टिअरिंग उजवीकडे वळवून मी बूट वर सरकवला आणि बोट आत फिरवले. डाव्यावर नुसती कोरडी धूळ होती. उजव्यावर बोटाच्या पेराएवढा ओलसरपणा लागला. तो फडक्याने पुसला, खडूने नळीवर रेघ मारून ठेवली आणि दिवाळीच्या आधी पुन्हा पाहायचे असे वहीत लिहिले.